पॅन्टच्या बुडाबाबत

ती. दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

(नमस्कार येऊन प्रत्यक्षच घातला असता, पण सध्या मला वाकायची चोरी झाली आहे. कारण पुढे येईलच.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इकडे सर्व ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला आटोक्यात आहे, बोलणं नाही. एकाच गावात, पुलाच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहितोय म्हणून ती सकाळपासून हसते आहे. पण करणार काय? फोन तू उचलत नाहीस, आणि घरी आलो की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतोस. (चष्मा लावून कोणी झोपत नाही, दादा.) पत्राचं बरं असतं. ते बिचारं उशाशी पडून राहतं, त्याला चहा विचारावा लागत नाही, आणि कधी ना कधी हात जातोच.

तर मुद्दा माझ्या पॅन्टचा. तू इतकी वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सायकलवरून गेलास, त्यामुळे तुला नवीन काही सांगत नाही; पण सांगितल्याशिवाय माझंही पोट हलकं होणार नाही. सायकल माणसाला भूक देते, झोप देते, पुलावरचा वारा देते आणि त्या बदल्यात कपडे खाते. उजव्या पायाची मोहरी चेन चघळते. (मी रबर लावतो, चेन रबरासकट चघळते.) शर्टाचा खांदा पिशवीचा पट्टा पोखरतो. पण खरा घाव बुडावर. आधी तिथे चकाकी येते, तेव्हा माणूस खुळ्यासारखा म्हणतो, वा, कापड काय उजळलंय! मग कापड विरत जातं. शेवटी पॅन्ट उजेडात धरली की पलीकडची खिडकी गजांसकट दिसते. आणि देवाने ही जागा अशी नेमून दिली आहे की पॅन्टच्या मालकाखेरीज सगळ्या गावाला ती आधी दिसते.

माझी राखाडी पॅन्ट गेली ती भर वर्गात. भूमितीचा तास होता. वर्तुळाला स्पर्शिका काढत होतो, खडू पडला, उचलायला वाकलो आणि आवाज झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने एकदम वहीत डोकं खुपसलं, त्यावरून काय ते उमगलं. पाठ फळ्याला टेकवली ती टेकवलीच. आता फळ्याकडे न वळता भूमिती कशी शिकवायची? म्हटलं, मुलांनो, डोळे मिटा, मनात वर्तुळ काढा. ज्याचं नीट आलं नसेल त्याने पुसून पुन्हा काढा. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि तास संपेपर्यंत हलल्या नाहीत. मी घामाघूम. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं की, वर्गाला क्षणभरही पाठ न दाखवता शिकवणारा शिक्षक आपण प्रथमच पाहिला, आणि ही पद्धत सगळ्यांनी उचलावी. तेव्हापासून चित्रकलेचे सर माझ्याशी बोलत नाहीत. त्या संध्याकाळी घरी आलो तो अर्थात सायकलवरूनच. फाटक्या पॅन्टला सायकलच्या सीटइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. जिने अब्रू घालवली तिनेच ती घरापर्यंत झाकून आणली.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने पॅन्ट दोन बोटांत धरली, जणू काही मेलेला उंदीरच. म्हणाला, "सर, ठिगळ लावतो, पण तपकिरी लागेल. असलं राखाडी आता येत नाही." तपकिरी ठिगळ लावून फळ्याकडे वळायचं म्हणजे मुलांना दुसरी आकृतीच काढून देण्यासारखं. तुझ्या भावजयीने त्याहून सोपा उपाय सुचवला: पन्नाशी उलटली, आता स्कूटर घ्या. (सायकलवर बसायचं वय माझं उलटलं आणि स्कूटर शिकायचं उलटलं नाही, हे गणित मला सुटलेलं नाही.) तेव्हा मीच सुई हातात घेतली. मांडीवर पॅन्ट पसरली, चष्मा नाकावर ओढला आणि आतल्या बाजूने जुन्या शर्टाचा तुकडा लावून मन लावून शिवत बसलो. टाके इतके बारीक पडले की बायकोला दाखवायला म्हणून ऐटीत उठलो. माझ्याबरोबर पॅन्टही उठली. मी ती अंगावरच्या लेंग्याला शिवली होती. बायको आधी हसली, मग तिने कात्री आणली आणि मग पुन्हा हसायला बसली. सगळं उसवून दुसऱ्यांदा शिवलं, ते अजून तग धरून आहे, पण वाकलो की कुरकुर ऐकू येते. म्हणून तो नमस्कार बाकी राहिला.

उसवत असताना वहिनीची फार आठवण झाली. आपल्या दोघांना कापड घ्यायची ते एकाच ताग्यातलं आणि एकाच मापाचं, नंतर भांडण नको म्हणून. तू ताडमाड, तुला ते जेमतेम पुरायचं. मी हा असा, त्यामुळे माझ्या पायाखालून हातभर पट्ट्या निघायच्या. त्या ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवायची आणि तुझं बूड विरलं की त्याच पट्ट्या जोडून आतून लावायची. ठिगळ आहे हे शोधूनही सापडायचं नाही. म्हणजे बघ, इतकी वर्षं तू माझ्या बुटकेपणावर बसून ऑफिसला गेलास, आणि "पाय वाढले नाहीत तुझे" म्हणून वर मलाच चिडवत होतास! वहिनी पदराआड हसायची. हसताना तिच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे मला भीती वाटायची.

हे राखाडी कापडही तिनेच घेतलेलं. तिचं शेवटचं. माझी पॅन्ट फाटली. तुझी मात्र, माझी पुतणी सांगते, कपाटात जशीच्या तशी टांगलेली आहे आणि मोहरीवर शिंप्याच्या खडूची रेघसुद्धा पुसलेली नाही. ती म्हणाली, "काका, बाबांचे कपडे आता झिजतच नाहीत." पोरीने साधंच सांगितलं, पण दादा, मला ते फार लागलं. वहिनी गेली, तू निवृत्त झालास, आणि पाठोपाठ तुझी सायकल जिन्याखाली गेली. एकेक गोष्ट समजू शकतो मी. पण झीज नको म्हणून माणूस घडी घालून ठेवता येत नाही. कपाटातलं कापड घडीवर विरतं, हे वहिनीच सांगायची.

असो. मोठ्या भावाला शहाणपण शिकवू नये. फक्त एक काम कर. तो बिस्किटांचा डबा कुठे असेल तर शोध. राखाडी पट्टी त्यात असणारच. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.

सर्वांतर्फे तुला नमस्कार, पुतणीला आशीर्वाद, गुडघ्याला सबुरी.

तुझा,
धाकटा (सर्व अर्थांनी)

ता. क. डबा सापडला तर कोणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. सायकलमध्ये हवा भरून ठेवायला पुतणीला सांगितलं आहे. पुलाच्या चढावर उतरून हातात धरून चाललास तरी चालेल, मीही तसंच करतो.

ता. क. दुसरा. तुझ्या भावजयीने हे पत्र वाचलं आणि म्हणते आहे, खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. तर लिहितो. डबा आमच्याकडेच आहे. पुतणी मागच्या आठवड्यात देऊन गेली. त्यात राखाडी कापडाचं एकच ठिगळ निघालं: दोन पट्ट्या जोडलेल्या, तुझ्या त्या रुंद सीटच्या मापाने कापलेल्या, कडा दुमडून पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका घातलेला. तू पॅन्ट एकदाही घातली नव्हतीस, तेव्हाच वहिनीने ती फाटणार हे धरून ठेवलं होतं. माझ्या पॅन्टला लावायला म्हणून हातात घेतलं आणि पुन्हा डब्यात ठेवलं. ते तुझं आहे. पॅन्ट झिजव आणि घेऊन जा. तोवर मी वर्गाकडे तोंड करूनच शिकवतो.