बगळा उभा आहे तोवर

मंगळवार, १४ जानेवारी

वादळाचं नाव ठेवलं – हर्बर्ट! अजून भर समुद्रात आहे, इकडे वळेल की नाही ठाऊक नाही, पण बारसं उरकून मोकळे झाले.

सकाळी नऊला रेडिओ लावला तो नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसांची नावं ऐकायला. हातात चहा आणि रेडिओवर ती यादी – माझी बायको नोरा होती तेव्हापासूनची सवय. तीही गेली त्या यादीत, चार वर्षं झाली. आज यादीच्या आधी वीस मिनिटं नुसता हर्बर्ट. लाल इशारा, शतकातलं वादळ, खिडक्यांपासून लांब राहा. मेलेले बिचारे ताटकळले.

फेस्टीच्या दुकानात दुपारपर्यंत पाव संपला. वारा नाही, थेंब नाही, आणि पाव संपला! फेस्टी हात चोळत म्हणाला, "कोलमन, वर्षाला अशी दोन वादळं आली ना, की मी स्पेनला जाऊन येतो." पावाने वारा कसा अडतो ते मला एकदा कुणीतरी समजावून सांगा.

ऑक्टोबरात हेच झालं होतं. शाळा बंद, बस बंद, टीव्हीवाल्यांचे चेहरे सुतकी. शेवटी काय? पाद्रीबुवांच्या दारातला कचऱ्याचा डबा आडवा झाला. लांडगा आला रे आला!

बुधवार, १५ जानेवारी

आमच्या धक्क्यावर टीव्हीची गाडी. ग्रॉनिया नावाची मुलगी, लाल जाकीट, घडी अजून मोडलेली नाही. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत. ती कॅमेरावाल्याला म्हणते, "खाली बस जरा, म्हणजे लाट मोठी दिसेल." मी मोठ्याने हसलो. तीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलंय मी. खोटी लाट ओळखता येते.

हसलो म्हणून माझ्याकडेच आली. "खालच्या रस्त्यावरच्या, पाण्याकाठच्या घरांना उद्या संध्याकाळपर्यंत हलायला सांगितलंय. तुम्ही जाणार का?"

"मी? शुक्रवारी सकाळी मी माझ्या अंथरुणात असेन."

तिचे डोळे चमकले. "तुम्हा जुन्या लोकांना काही खुणा माहीत असतात ना? वादळाच्या?"

समोर उतारावर बगळा उभा होता. रोज असतो, एका पायावर, राखी. माझी म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हटलं, "तो बगळा बघा. तो तिथे उभा आहे तोवर वादळ किनाऱ्याला लागत नाही. माझे आजोबा सांगायचे."

आजोबा! आजोबा गॉलवे शहरात शिंपी होते. डबकं ओलांडताना त्यांना मळमळायचं.

तिने ते वाक्य माझ्याकडून तीनदा बोलवून घेतलं. तिसऱ्या वेळी मी सावकाश बोललो आणि वर क्षितिजाकडेही पाहिलं.

सहाच्या बातम्यांत दाखवलं. टोपी वाईट दिसते.

गुरुवार, १६ जानेवारी

अख्ख्या देशाला बगळा चावलाय. डब्लिनच्या बागेतल्या बगळ्याचे फोटो, कालव्यावरच्या बगळ्याचे फोटो, खाली लिहिलेलं – उभा आहे, झोपा! फेस्टीने दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहिलं, "बगळा आहे, पाव नाही." रेडिओवर कुणी प्राध्यापक म्हणाला, ही समजूत साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर फार प्राचीन काळापासून आढळते. आढळते! काल दुपारी जन्मली, आज प्राचीन झाली. त्या लोकांना खरं-खोटं काही नको, फक्त तोंडात घोळवायला काहीतरी हवं. आणि आपल्याला तरी काय हवं? सकाळपासून तिघांनी मुलाखतीसाठी फोन केला. तिघांनाही आजोबा सांगितले. त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो.

तीन वाजता साबिना मॅनियनचा फोन. ती खाडीच्या पलीकडे राहते, खालच्या रस्त्याच्या टोकाला, शेवटचं घर. नोरा गेल्यापासून दर रविवारी प्रार्थना आटोपून येते, तांबूस पाव घेऊन, घरी भाजलेला. आम्ही लोणी लावून खातो. मला तिला काही विचारायचं आहे, वर्षभर विचारायचं आहे, ते दर रविवारी पावाबरोबर गिळतो.

म्हणाली, "टीव्हीवर चांगला दिसलास रे."

"टोपी –"

"टोपीसकट. ऐक, मी बॅग भरून बसलेय. दीर्द्रा चारला न्यायला येतेय." दीर्द्रा म्हणजे तिची भाची. "पण तिच्याकडे मांजर चालत नाही. बिचारं एकटं कसं टाकू? म्हणून विचारते – ते बगळ्याचं खरं का? तुझ्या आजोबांचं?"

खरं सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम, बगळ्याचं मी बनवलंय गं. पण 'चांगला दिसलास' कानात होतं. मला कुणी चांगला दिसलास म्हटल्याला किती वर्षं झाली!

म्हटलं, "खरं नाही तर काय!"

"मग भरलेली बॅग उपसू?"

"तुझी मर्जी."

ती हसली. छान हसते. म्हणाली, "तुझी मर्जी म्हणे! बरं, रविवारी येते."

जाईलच म्हणा ती. दीर्द्रा ऐकायची नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी आठ. सहापासून सुरू आहे. वीज नाही. अक्षर हलतंय, कारण टेबल हलतंय.

दुपारी दोन. थांबलं. माझ्या घरामागे टेकडी आहे, तिने सगळं अंगावर घेतलं. छपराच्या अकरा पाट्या गेल्या, कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा गेला. बस्स! बॅटरीच्या रेडिओवर तेच चाललंय, शतकातलं, शतकातलं. असेल कुठे तरी. इथे तर अकरा पाट्या! फेस्टीला 'सांगितलं नव्हतं?' म्हणायला जीभ शिवशिवतेय.

फोन मेलाय. खाडीवर अजून धुकट फवारा आहे, पलीकडचं दिसत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

फोन नाही. वीज नाही. पलीकडे जायचा रस्ता पाण्याखाली, पोलिसाने अडवून ठेवलाय. फाट्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तो म्हणाला, "घरी जा कोलमन, आज कुणी पलीकडे जात नाही." मग हसून, "बगळा काय म्हणतो?" पहिल्यांदाच हसू आलं नाही.

ती दीर्द्राकडे आहे. नक्की आहे. उद्या रविवार, मावशी-भाची गाडीतून येतील. कपाटातून चांगलं लोणी काढून ठेवलं. उद्या विचारूनच टाकतो.

रविवार, १९ जानेवारी

नऊ वाजता यादीत तिसरं नाव तिचं होतं. साबिना मॅनियन. राहत्या घरी.

दुपारी दीर्द्रा आली, एकटी. समुद्राची भिंत फुटली, पाणी मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत गेलं. मांजर माळ्यावर सापडलं, जिवंत. तिने मला फोन दाखवला. गुरुवारचा निरोप, साडेतीनचा. 'येऊ नकोस पोरी. माझ्या खिडकीतून बगळा दिसतोय, उभा आहे. कोलमन म्हणतो, खरं आहे.'

दीर्द्राने डोळे पुसले. म्हणाली, "मी रागावले नाहीये तुमच्यावर. जुन्या खुणा, कधी चुकतातही. फक्त एवढं सांगा, तुमचे आजोबा खरंच तसं म्हणायचे ना?"

मी हो म्हटलं.