सलोमीचा फोन

मसुरे,
३० ऑक्टोबर २०२४

चि. दत्ताराम यास,
यशोदाताईचा आशीर्वाद. तू खुशाल असशील.

इकडे भात कापून झालं, मळणी राहिलीय. भाऊबीजेला येतोस हा तुझा निरोप मिळाला. दिव्या सुटून आल्याचं ऐकून बरं वाटलं, असंही तू कळवलंस.

लेक घरी आलीय. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. नोकरी म्हणून तू तिला ज्या कोळंबीच्या शेडमध्ये पोचवलंस, तिथे बाहेरून कुलूप असायचं. दिवसभर बर्फातली कोळंबी सोलायची, हात थांबला की पाठीत सळई.

बर्फाची गाडी घेऊन जाणाऱ्या मालवणच्या इंत्रूला तिनं खिडकीतून हाक मारली. त्यानं चर्चच्या सिस्टर आन्सेल्मांना सांगितलं. अशा मुली त्यांनी आधीही सोडवल्यात. पोलिसांना कळवून दोघं पुढे गेले. आतल्या माणसांनी दार लोटलं, तेव्हा सिस्टरनी फटीत हात घातला. आतल्यांनी दार पुन्हा पुन्हा आपटलं, इंत्रूचं डोकं फोडलं. पोलीस येईपर्यंत सिस्टरनी हात मागे घेतला नाही. मनगटापासून चुरा झालाय. मी इस्पितळात पाया पडायला गेले, तर मलाच जवळ बसवून म्हणाल्या, "हात काढलो असतो तर दार लागला असता गो."

आता त्याआधीचं, सलोमीचं लिहिते. झारखंडची पोर, दिव्याच्याच वयाची. तिनं पिठाच्या डब्यात फोन लपवला होता. दिव्यानं त्यावरून एकच फोन केला. त्याच संध्याकाळी मालकाचा माणूस सळई घेऊन आत आला. सगळ्यांसमोर विचारलं, फोन कुणाचा? सलोमी उठून उभी राहिली. तो डोक्यावरच मारत सुटला. दिव्या मध्ये पडली, तेव्हा तिची बोटं गेली. पहाटे सलोमी दिव्याच्या मांडीवर गेली. शेडमागे पुरली होती, पोलिसांनी उकरून काढली. चर्चच्या लोकांनी तिला आपल्या माणसासारखं मालवणात दफन केलं. दिव्यानं माती लोटली आणि तिथेच कोसळली.

फोन कुणाला केला होतास, म्हणून मी विचारत राहिले. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. परवा बोलली.

"मामाक केलंय. माका न्हेवक ये म्हणान सांगलंय. तुजो भाव आसा, म्हणान गप रवलंय, आये."

दत्ताराम, शेडबाहेर तुझ्याशिवाय तो फोन कुणालाच माहीत नव्हता. तू भाचीला आणायला गेला नाहीस. तू मालकाला कळवलंस.

सिस्टर म्हणाल्या, दिव्यावर जोर करू नका, तिला वाटेल तेव्हा ती पोलिसांना सांगेल. मी थांबले नाही. काल पोलीस ठाण्यात जाऊन तुझं नाव मी घेतलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, सख्खा भाऊ ना? मी हो म्हटलं आणि सही केली.

हे पत्र हातात पडेल तेव्हा पोलीस तुझ्या दारात आलेले असतील. त्यांच्याबरोबर मुकाट्याने जा.

दिव्याची आई,
यशोदा