सासूबाई वायफायवरून

प्रिय साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द हाताच्या सवयीने पडला आहे. खाडाखोड केलेले पत्र मी कुणाला पाठवत नाही, म्हणून राहू दिला.) तुमची पाठ कशी आहे? हिच्या धाकट्या बहिणीचा खोकला गेला का? इकडे तुमच्या थोरल्या मेहुणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट पार पडले, टाके निघाले, डॉक्टर खूश आहेत. मी खूश नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

आजारी माणसाला फळे पाठवावीत, ही जगाची रीत. तुम्ही पाठवलात एक काळा डबा. नेटवर्क प्लेअर म्हणे! तो हिच्या उशाशी ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची गाणी वायफायवरून आतल्या खोलीत येणार आणि हिने ती पडल्या पडल्या ऐकायची. सोबत एक पेन ड्राइव्ह, आणि त्यात सासूबाईंची ती टेप. दोघी बहिणी माहेरपणाला गेल्या असताना त्यांनी चोरून भरलेली, शिवणयंत्रावर बसून गाणाऱ्या सासूबाईंची एकुलती एक टेप! इतकी वर्षे ती तुमच्या कपाटात पडून होती, वाजवायला यंत्र नव्हते. तुम्ही खटपट करून ती फाइलमध्ये उतरवलीत. इथपर्यंत मी तुमचा ऋणी होतो, नाही म्हणत नाही. आई गेल्यापासून हिने तो आवाज ऐकला नव्हता. पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसली होती आणि दर थोड्या वेळाने “अहो, लावा ना,” म्हणत होती.

लावली. डब्याच्या पडद्यावर सासूबाईंचे नाव आले, सेकंद पळू लागले, आणि आवाज मात्र नाही. (सासूबाई हयात असताना त्यांच्या सान्निध्यात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.) तुम्हाला फोन केला, तर तुम्ही हसलात. हे मी लक्षात ठेवले आहे. मग म्हणालात, फाइल फार वरच्या दर्जाची आहे, तुमच्या प्लेअरला झेपत नसेल. तुमच्या! पाठवला कुणी? आणि वर मला बजावलेत की काही झाले तरी कन्व्हर्ट करू नका, रूपांतर झाले की आवाजातला जीव गेलाच म्हणून समजा.

साडूभाऊ, हे तुम्ही कुणाला सांगता आहात? मी उभा जन्म कोर्टात दुभाषी म्हणून काढला. साक्षीदाराचे म्हणणे न्यायाधीशांच्या भाषेत आणि न्यायाधीशांचे साक्षीदाराच्या भाषेत, हेच माझ्या पोटापाण्याचे काम. माझ्या तोंडून गेलेल्या वाक्यातला जीव गेला अशी एक तक्रार दाखवा. एका साक्षीदाराने हासडलेली शिवी मी इतकी चोख पोचवली होती की न्यायाधीशांनी त्याला सोडून माझ्यावरच डोळे वटारले. आणि तुम्ही, ज्यांना लग्नात सनई कुठे संपली आणि जनरेटर कुठे सुरू झाला हे कळले नव्हते, तुम्ही मला रूपांतराचे तोटे सांगता! ज्याचे करावे भले, तो म्हणतो माझेच खरे.

तरीही मी तुमचा शब्द मानला. (हा माझा स्वभाव. त्याचा फायदा कुणीही घेतो.) कॉम्प्युटरवर त्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर डावीकडे फाइलींचे प्रकार असतात आणि प्रत्येकासमोर तीन पर्याय: आहे तसे पाठवा, बदलून पाठवा, बंद. मी सगळीकडे ‘आहे तसे पाठवा’ केले. त्यासरशी डब्यावर सकाळपर्यंत बरा चालणारा रेडिओही मुका झाला. मग दुसरे एक बटण दाबून पाहिले, तर डब्यातून असा काही खरखराट झाला की ही ऑपरेशनचा गुडघा विसरून अंथरुणात ताडकन उठून बसली आणि आमच्याकडे कुकर फुटला असे समजून शेजारीण धावत आली. त्यानंतर तिथला एक आकडा बदलला. आता आवाज आला खरा, पण निम्म्या वेगाने, जाडाभरडा, पुरुषी. हिने बराच वेळ कान देऊन ऐकले आणि म्हणाली, “अहो, हे तर बाबा वाटतात. पण बाबा कधी गात नव्हते हो.” आणि तिचा चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली. एवढा वेळ मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होतो, आणि ती बिचारी नुसती आईची वाट पाहत होती.

शेवटी पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा सापडला: या प्रकारची फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर बसवलेलाच नाही. म्हणजे साक्षीदार हजर, न्यायाधीश हजर आणि दुभाष्याची जागा रिकामी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. असे कोर्ट मी एक क्षण चालू दिले नसते. प्रोग्रॅम बसवला, ‘बदलून पाठवा’ केले, डब्याला झेपेल इतपत दर्जा खाली आणला. आधी शिवणयंत्राची खडखड आली आणि तिच्यातून हळूच सासूबाई गाऊ लागल्या. ही डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. मी दारात उभा होतो. खोटे का बोलू, तेवढा वेळ तुमच्याशी भांडायचे विसरलो. (जीव गेलेला आवाज असा नसतो, हे भिंतीवर लिहून ठेवा.)

आणि मग शिवणयंत्र थांबले. दोरा तोडल्याचा आवाज आला आणि सासूबाई स्वच्छ, खणखणीत बोलल्या, “थोरल्या जावयांकडे निरोप देत जाऊ नका गं. दोन शब्द द्यावेत, तर चार पानं पोचतात.”

टेप तुम्ही उतरवलीत. म्हणजे हे वाक्य तुम्ही आधीच ऐकले होते. फाइलमधले एक अक्षरही गळू नये असा तुमचा हट्ट का होता, ते मला आता कळले! मी ती फाइल सगळ्यात खालच्या दर्जाला उतरवूनही पाहिली. (निव्वळ शास्त्रीय कुतूहल.) गाण्याची धार थोडी बोथट झाली, ते वाक्य मात्र जसेच्या तसे. ही तर ते पुन्हा पुन्हा लावते आणि हसून हसून डोळे पुसते. गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनाही ऐकवून झाले. आता त्या दारातून आत येतानाच माझ्याकडे पाहून हसतात.

असो. लोभ होता, तो मी सध्या ‘बंद’वर ठेवला आहे.

नाइलाजाने आपला,
थोरला साडू

ता. क. : पाने मोजली. सासूबाईंचा अंदाज साफ चुकला. पाच भरली.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवणार, एवढ्यात हिने आतून विचारले, “माझा निरोप लिहिलात ना?” खरे तर हे पत्र तिच्याच सांगण्यावरून लिहायला घेतले होते. पाचही पाने पुन्हा वाचली, निरोप कुठेच सापडला नाही. म्हणून आहे तसा पाठवतो, माझा एक शब्दही न घालता: “तुम्ही आईला घरी आणलंत. आता धाकटीला घेऊन या. तिच्याशेजारी पडून ऐकायचं आहे.”