आरशाच्या गालाला साबण

तीर्थरूप दादाच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अर्थातच कागदावर. खरोखरचा घातला तर मला उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील, आणि त्यातला एक नेहमी तू असायचास.)

गुडघा कसा आहे? नवा गुडघा वाकतो का, की मालकासारखाच अडून बसतो? जिना चढतोस का? झोप लागते का? सूनबाई चहात साखर घालू देते, की अजून डब्यात बोट घालून चोरून खातोस? इकडे सगळं ठीक आहे. हिचे गुडघे, माझी पाठ आणि दुकानाचं शटर, तिघंही आपापल्या जागी कुरकुरताहेत. पत्र लिहायचं कारण तसं किरकोळ आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "बरं, बरं" करतोस, आणि मग तुझा लेक फोन घेऊन मला हवा कशी आहे ते विचारतो. शिवाय हा विषय आमच्या हिच्यासमोर काढायची आता सोय राहिलेली नाही. विषय दाढीचा आहे. माझ्या.

हे पत्र तुला सूनबाईच वाचून दाखवणार, हे मी धरून चाललोय (चष्मा तू तिकडे पोचल्याबरोबर हरवला असणार). तेव्हा तिला कळावं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत असलेलं आलं तर मुकाट्याने ऐकून घे.

तर सूनबाई, आमचं आरशांचं आणि फ्रेमांचं दुकान. जन्मभर लोकांना त्यांची तोंडं दाखवली, पण आमच्या घरात आरसा म्हणून टिकला नाही. भिंतीवरचा आरसा एखाद्या गिऱ्हाइकाच्या मापाचा निघाला की आमचे वडील तडक घरी यायचे आणि तो उतरवून घेऊन जायचे. आईने कित्येकदा अर्धी वेणी हातात धरून नुसत्या खिळ्याकडे बघत उभं राहावं. त्यामुळे आम्हा दोघांना मिसरूड फुटलं तेव्हा आरशाची वाट बघण्यात काही अर्थच नव्हता. मागच्या गॅलरीत दोन स्टुलं समोरासमोर टाकायची, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, आणि एकाने दुसऱ्याची दाढी करायची. आधी दादाची मी, मग माझी दादाने. पुढे वडील गेले, आरसे घरात राहायला लागले, आम्हा दोघांची लग्नं झाली, तुझा नवरा जन्मला, तुझ्या सासूबाई गेल्या, पण स्टुलं जागची हलली नाहीत. रस्त्यावरून पहिल्यांदा जाणारा माणूस वर बघून थबकायचा. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण दाढी करताना इकडेतिकडे बघायचं नसतं.

आणि बोलायचंही नसतं. करणाऱ्याने तीनच गोष्टी म्हणायच्या: "मान वर", "फुगव", आणि सगळं झालं की उलट्या हाताने दोन्ही गाल चाचपून "चालेल". ज्याची दाढी चाललीय त्याने तेवढंही बोलायचं नाही. शिंक आली, खोकला आला, कानाशी डास आला, तर समोरच्याच्या गुडघ्यावर दोनदा थापटायचं, की वस्तरा जागच्या जागी थांबलाच. एकदा दुकानाच्या पाटीला रंग कोणता द्यायचा यावरून आम्ही अख्खा उन्हाळा एकमेकांशी बोललो नाही. (पाटी शेवटी हिरवी झाली. ती अजूनही वाईट दिसते, दादा.) पण दाढी रोज झाली. वस्तरा हातात असलेल्या माणसाशी भांडण जपून करावं लागतं. त्या उन्हाळ्यात भावाच्या तोंडून रोज सकाळी एक "चालेल" तेवढं ऐकायला मिळायचं, आणि खरं सांगतो, तेवढ्यावर दिवस निघायचा.

आता मुद्द्यावर येतो. लेकाकडे गुडघ्याचं ऑपरेशन करून महिन्याभरात येतो म्हणून तू गेलास. मी म्हटलं, महिनाभर दाढी नाही केली तर काय आभाळ कोसळणार आहे? कोसळलं नाही, पण गिऱ्हाइकं "काही दुःखद घडलं का?" असं हळू आवाजात विचारायला लागली, आणि हिने "माणसात या" असा हुकूम काढला. मग दुकानातला एक बऱ्यापैकी आरसा आणून न्हाणीघरात लावला. तुझी सगळी पद्धत पाळली. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर धरून ठेवला, खुंट चांगले मऊ होऊ दिले. ब्रश भिजवला, वाटीत साबण घोळून दाट फेस काढला, आणि लावायला सुरुवात केली. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली, मिशीची कड नीट राखली. समोरचं तोंड फेसाआड दिसेनासं झालं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी आरशाला साबण लावलाय! समोर दिसेल त्या माणसाची दाढी करायची, ही उभ्या जन्माची सवय, हाताला तरी काय कळणार?

आरसा पुसला. आता फेस स्वतःच्या तोंडाला लावला, वस्तरा उचलला आणि म्हटलं, "फुगव." समोरचा काही फुगवेना. मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. बाहेरून ही विचारते, "आत कोण आहे तुमच्याबरोबर?" काय सांगणार, कपाळ! शेवटी गाल मीच फुगवायचा आहे हे ध्यानात घेऊन फुगवला, आणि अर्ध्या गालापर्यंत बरा पोचलो. तेवढ्यात शिंक आली. मी आपलं शिस्तीत स्वतःच्याच गुडघ्यावर दोनदा थापटलं, आणि निर्धास्त झालो. वस्तरा थांबेना! थांबवणाराही मीच, हे कळेपर्यंत शिंक येऊन गेली होती आणि हनुवटीखालून रक्त वाहत होतं. तुरटीचा अख्खा खडा त्या एका दाढीत झिजवला. ओरडलो ते दुकानापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

मग कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेलो. माणूस हाताचा चांगला आहे, खोटं कशाला बोलू? पण खुर्ची मागे पाडून तो माझ्या डोक्यामागे उभा राहिला. दादा, दाढी करणाऱ्याचं तोंड दिसत नसेल तर आपण नक्की बघायचं कुठे? मी छताकडे बघत पडलो, आणि तो फोन खांद्याने कानाला दाबून मेव्हण्याशी भांडायला लागला. भांडण बहुधा फ्रिजवरून होतं. मेव्हणा काहीतरी टोचून बोलला की वस्तरा माझ्या गळ्यावर थबकायचा, आणि मग रागाने पुढे जायचा. मी घाबरून माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटलं. त्याला वाटलं काकांना रेडिओवरचं गाणं आवडलं, ताल धरलाय. त्याने रेडिओ मोठा केला. दाढी मात्र अशी घोटून केली होती की नाव ठेवायला जागा नाही. झाल्यावर मी सवयीने मान पुढे करून तसाच बसून राहिलो. त्याने अंगावरचं कापड फटकारलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी घरी आलो तो उगाचच रडकुंडीला आलो होतो. का ते हिला सांगता येईना.

तुझ्या लेकाने पाठवलेलं विजेचं मशीनही लावून बघितलं. त्याने मला गुदगुल्या होतात. मी हसतो, गाल हलतो, मशीन घसरतं, आणि कानावरचे केस जातात. ते आता ही तिच्या लोकरीच्या कपड्यांवरचे गोळे काढायला वापरते आणि समाधानी आहे. (हे वाक्य सूनबाईने नवऱ्याला वाचून दाखवू नये.)

शेवटी ही म्हणाली, द्या इकडे. दादा, बायको म्हणून मी तिच्याविषयी एक शब्द वाकडा बोलणार नाही, पण ती दाढी करते ती कढईचा तळ खरवडतात तशी. शिवाय बोलते. नुसती बोलत नाही, प्रश्न विचारते. गॅसवाल्याला फोन केलात का? केला नाहीत ना? मला वाटलंच! उत्तर द्यायला तोंड उघडावं तर तोंडात साबण. तिच्या गुडघ्यावर थापटलं तर म्हणाली, चाळे पुरेत. मधेच कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली, आणि मी एका बाजूने गुळगुळीत अन् दुसऱ्या बाजूने पांढराफेक असा बसून राहिलो. परत आली ती वस्तरा न उचलताच समोर बसली. मग म्हणाली, "तुम्हाला दाढी करून नको आहे हो. तुम्हाला दादा हवेत." आणि टॉवेलने माझं तोंड पुसून निघून गेली. बायकांना कधी काय सुचेल सांगता येत नाही.

हवा आहेसच. त्यात लपवायचं काय? सकाळी गॅलरीत ऊन येतं ते आधी तुझ्या स्टुलावर येतं, मग माझ्या. ते सरकताना बघत मी चहा पितो. तुझ्या स्टुलावर हिने एक कुंडी ठेवली होती, ती मी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मी पुन्हा खाली. त्यावर आम्ही एकमेकांना एका शब्दाने विचारलेलं नाही. दुकानात काच कापतानाही "जरा धर रे" असं तोंडातून निघून जातं, आणि समोर आरशात मीच उभा असतो. मला माझ्या तोंडाचा कंटाळा आलाय. उभा जन्म मी तुझं तोंड बघून दिवस सुरू केला. तेही काही फार देखणं नव्हे, पण अंगवळणी पडलेलं आहे.

मागच्या आठवड्यात तुझ्या लेकाचा फोन आला. म्हणाला, काका, बाबा आता इथेच राहतील, त्यांची खोली मोकळी करून वापरायला घ्या, पलंग कोणाला तरी देऊन टाका. मी म्हटलं, बघतो. हे तू त्याला सांगितलंस, की त्याचं त्याने ठरवलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

असो. पत्राचं कारण एवढंच, की गळ्यावर कंठमण्यापाशी तू वस्तरा वरून खाली न्यायचास, की खालून वर, ते सवडीने कळव. माझा गळा मी कधी पाहिलेलाच नाही, तो तुझ्याच माहितीतला. गुडघ्याला जप. नातवंडांना पापा. सूनबाईला वाचून घसा कोरडा पडला असेल, तिला पाणी दे.

तुझा,
एका बाजूने गुळगुळीत
धाकटा

ता.क. नातवाच्या वाढदिवसाचा फोटो पोचला. सगळे छान दिसताहेत. तुझं तोंड मी दुकानातल्या भिंगातून पाहिलं. हनुवटीच्या खळीत केस राहिलेत! कोण करतं तुझी दाढी? तिथे खालचा ओठ आत ओढून घ्यायला सांगावं लागतं आणि पातं आडवं धरावं लागतं, हे त्याला ठाऊक नाही, आणि मी त्याला सांगणार नाही.

आणखी एक ता.क. पलंग दिलेला नाही. वरच्या मजल्यावरचे मागायला आले होते, त्यांना पलंगात ढेकूण आहेत म्हणून सांगितलं. एकही नाही. हिने तुझी गादी काल उन्हात टाकली.

शेवटचा ता.क. (हा दादाने स्वतः वाचावा. सूनबाई, त्याला चष्मा शोधून दे.) दादा, वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण आता जुनं झालंय. मला दाढी जमायला लागली. गळ्याचंही उमगलं, खालून वर. एक ओरखडा नाही, अशी घोटून होते की तूही नाव ठेवणार नाहीस. म्हणजे दाढीसाठी तुला बोलावतोय, असं म्हणायची सोयही राहिली नाही. पण झाली की मी मान पुढे करून बसतो, आणि गालावरून उलटा हात फिरवून "चालेल" म्हणायला कोणी नसतं. तेवढं स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही, मी म्हणून पाहिलं. कायमचं कुठे राहायचं ते तुझं तू ठरव, लेक तुझा आहे, पण आधी एकदा इथे गॅलरीत बस आणि मग ठरव. नवा गुडघा फार वाकवायला लागू नये म्हणून सुताराकडून तुझं स्टूल उंच करून घेतलंय. कुंडी हिनेच उचलली. तुझ्या स्टुलापुढे माझं आता बुटकं दिसतं, पण तू थोरला आहेस, चालेल. निघायच्या आधी चार दिवस तिकडच्या कोणालाही गालाला हात लावू देऊ नकोस. दाढी वाढवून ये.