नाक धरून थोबाडीत

५ जुलै ८२
दिघ्याच्या शाळेत रजेच्या जागेवर लागून आठवडा झाला. हेडसर म्हणाले, माझा गणिताचा तास बघा, शिस्त म्हणजे काय ते कळेल. सातवीत मागच्या बाकावर बसलो. पाढा येत नाही तो उभा. येतो त्याने उठून उभ्या पोरांचं एकेकाचं नाक धरायचं नि थोबाडीत द्यायची. हळू मारली तर हेडसर मारणाऱ्यालाच लावतात, जोरात म्हणजे कशी ते दाखवायला. पंधरा मिनिटं नुसता तो आवाज.
आमच्याही शाळेत होतं हे. मी हुशार होतो. म्हणजे मारणारा. तळहात लपवावासा वाटला.

८ जुलै
माझ्या मराठीच्या तासाला मार बंद. उत्तर येत नसेल तर म्हणायचं, "थांबा सर, विचारतो." शेजारच्याला विचारायचं आणि मग स्वतः उठून सांगायचं. दोन दिवस नुसता कालवा. आज जमलं. शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा हात वर करायला लागली.
हेडसर दारात येऊन म्हणाले, बाजार भरलाय काय. पोरं शिकतायत, म्हटलं. "तुम्ही लेखक माणूस," म्हणाले. 'लेखक' शिवी द्यावी तसं.

१३ जुलै
सुनंदा. सातवीतली, परभणीकडची, बाप कंपनीत हेल्पर. गणिताला रोज उभी राहते, रोज थोबाडीत खाते. आज तिच्या वहीच्या मागच्या पानांवर हेडसरांची सगळी गणितं सोडवलेली सापडली. सगळी बरोबर. व्हरांड्यात नेऊन विचारलं. म्हणाली, "उत्तर दिलं की कल्पीला मारावं लागतंय सर."
कल्पी तिच्या बाकावरची, इथल्या गावातली, पाढ्यांना कच्ची. म्हणजे मैत्रिणीला मारायला नको म्हणून ही शाळा सुरू झाल्यापासून स्वतः खातेय. आणि हेडसरांनी हिचं नाव शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीतून काढलंय. ढ म्हणून!

१४ जुलै
डोकं फिरलं आणि गाढवपणा केला. वही घेऊन सरळ ऑफिसात. वाटलं, बघून लाजतील. हेडसरांनी शांतपणे पानं चाळली.
"म्हणजे मुलगी लबाड आहे."
वर्गासमोर कल्पीला मारू दे, मग नाव घालतो, म्हणे. नाही तर बापाला बोलवा.
तिने विश्वासाने सांगितलेलं मी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. स्वतःलाच एक द्यावीशी...

१५ जुलै
सुनंदा जागची उठली नाही. बापाला बोलावणं. पाळी संपवून तसाच आला, डोळे लाल. हात जोडून म्हणाला, "चामडं सोला सर, पर लेकराचं शिक्षान थांबवू नका." मग पोरीकडे वळून, "मार की एक. हळूच मार."
"हळू मारलं तर सर मला मारतेत. मग कल्पी रडती."
बाप माझ्याकडे बघत राहिला. मी शिकलेला ना.

१६ जुलै
गणिताचा तास. मला आत मज्जाव, खिडकीबाहेर उभा. सतराचा पाढा. कल्पी म्हणाली, "मना नाय येत." सुनंदाने घडाघडा म्हटला, उठली, कल्पीचं नाक धरलं. आणि धरलेलंच ठेवून तोंड तिच्या कानाशी नेऊन पुटपुटत राहिली. कल्पी गेंगाण्या आवाजात सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, एकेक करत शेवटपर्यंत. वर्ग हसून लोटपोट.
सुनंदाने नाक सोडलं. "आता येतंय तिला, सर. आता कशाबद्दल मारू?"
हेडसर खडू ठेवून निघून गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भीतीही वाटली.

१९ जुलै
यादी आज ठाण्याला जायची. हेडसरांनी सकाळी कोरा कागद पुढे सरकवला. सुनंदाचं नाव घालतो, तुम्ही लिहून द्या, 'उद्यापासून माझ्याही तासाला शाळेची पद्धत चालेल.' पद्धत म्हणे. छत्तीस पोरांची नाकं आणि एका पोरीची परीक्षा, आणि तराजू माझ्या हातात देऊन हा गृहस्थ चहा पितोय.
सुनंदाला विचारावं असं एकदा आलं मनात. छे. तिच्यावर अजून किती टाकायचं.
स्टाफरूममध्ये बसलोय. यादी न्यायला शिपाई दोनदा येऊन गेला. म्हणतो, "सर, माझी एसटी जाईल. एवढं काय लिहायचंय?"