कावळकाकडीच्या पाच बिया

कासामा,
१२ सप्टेंबर

किवाको,

इथे उन्हाळा अजून हटत नाही, तुमच्या साकाईत कसं काय, तब्येत बरी आहे ना, हे सगळं विचारायची रीत आहे, म्हणून विचारलं. उत्तराची गरज नाही.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही. ‘ताई, तू त्या बिया पेरल्याच नाहीस. पेरल्या असत्यास तर पुढच्या महिन्यात आईच्या श्राद्धाला फोटोपुढे एक तरी लाल कावळकाकडी ठेवता आली असती. आधी आईचा वेल मारलास, आता बियाही.’ अक्षर मात्र सुरेख हो तुझं. शिव्यासुद्धा वळणदार.

त्या बिया आईच्या बटव्यातल्या. आत ठेवल्या की बटवा रिकामा होत नाही, म्हणून ती दरवर्षी नव्या घालायची. अंत्यविधीनंतर कोणी आठवण म्हणून काय न्यायचं ते ठरत होतं, तेव्हा तू तो बटवा उचललास. आठ वर्षांनी घरात पाऊल टाकलंस आणि पहिला हात बटव्याला. सहातली एक बी स्वतःकडे ठेवलीस, पाच मला पाठवल्यास. सोबत चिठ्ठी नाही. लिफाफ्यावर एकच शब्द, ‘पेर’. मालकीणबाईंचा हुकूम.

तर ऐक. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी त्या पेरल्या. पाचही उगवल्या. मग दर उन्हाळ्यात खिडकीवर कारल्याच्या वेलाचा पडदा चढवताना करते तेच केलं. रोपं बोटभर झाल्यावर सगळ्यांत दांडगं ठेवलं आणि बाकीची चार उपटली. एका कुंडीत एकच वेल, नगरपालिका बियांबरोबर पत्रक देते त्यात तसंच लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी नुसती पानं. या जुलैत फुलं आली, आईच्या वेलाला यायची तशीच, दिवेलागणीला उमलणारी, पांढरी, कडेने जाळीची झालर सुटलेली. सकाळी सगळी जमिनीवर. झाडून झाडून कंबर गेली. फळ एक नाही.

शेजारचे नागामिने आजोबा कुंपणावरून रोज बघत होते.

“तोयोकोताई, त्या वेलाकडे एवढं काय बघता? लग्नबिग्न ठरवताय की काय?”

“फळ कधी धरतो ते बघते.”

ते एवढे हसले की कवळी सावरावी लागली. “अहो, हा नर आहे! कावळकाकडीत नर वेगळा, मादी वेगळी. हा नुसता नटूनथटून उभा राहणार. आमच्या जावयासारखा.”

“पण आईच्या एकाच वेलाला तर एवढी फळं लागायची!”

“एक कुठला? दोन होते. इतके गुंतलेले की तुम्हाला एकच वाटायचा. बाकीची रोपं कुठायत?”

“उपटली.”

“मग उपटली तिला.”

हस. तूही हस. आपल्याकडे नेहमी दांडगं तेवढंच ठेवतात आणि मग वर्षानुवर्षं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

आता आईच्या वेलाचं. अंत्यविधीच्या दिवशी मी सांगितलं, कीड लागली. तू मामा-मावशींसमोर म्हणालीस, “एक वेल जगवता आला नाही तुला?” खाऊन पोट भरायचं नाही, नुसतं शोभेचं झाड, पण शरदात त्याची लाल फळं लागलेली डहाळी फुलदाणीत लावल्याशिवाय आईचं वर्ष पुढे सरकायचं नाही, हे काय मला माहीत नव्हतं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी चहा ओतत राहिले.

कीड लागली नव्हती.

आई गेली त्या वर्षीच्या जुलैत तू फोनवर तिला म्हणालीस, “फुलं उमलली की येते.” तुझ्या दृष्टीने ते बोलण्यापुरतं होतं. तिने मला पलंग फिरवायला लावला, तोंड कुंपणाकडे. रोज संध्याकाळी पहिलं फूल उलगडलं की म्हणायची, “केस नीट कर गं माझे, किवा येईल.” मी विंचरायची. अठरा संध्याकाळी. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी कुदळ घेतली आणि कंदांसकट सगळं खणून काढलं. जाग आल्यावर तिला सांगितलं, कीड लागली.

ती रिकाम्या कुंपणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आता तिला कळणार कसं, कधी यायचं ते?”

त्यानंतर तिने मला केसांना हात लावू दिला नाही. ऑक्टोबरात गेली.

हे तुला सांगायचं नव्हतं. माफी मागत नाहीये. माझ्या वाटणीचं सांगितलं, तुझ्या वाटणीचं तू बघ.

पत्राच्या शेवटी तू मिरवलं आहेस की तुझ्या गॅलरीतला, त्या सहाव्या बीचा वेल निदान प्रयत्न तरी करतो. प्रत्येक फुलामागे वाटाण्याएवढी काकडी दिसते, मग पिवळी पडून गळते. तेवढा भाग मी नागामिने आजोबांना वाचून दाखवला. ते या खेपेला हसले नाहीत. “मादी आहे ती. ती तिकडे, हा इकडे. कुणाला काय धरणार?”

यंदा आईच्या फोटोपुढे काही नसेल. ते कोणामुळे, हे इथे लिहिलं होतं. खोडलं.

श्राद्धाला तुला बोलवायचं नाही असं ठरवलं होतं. जेवणाचे डबे अकरा सांगून ठेवले होते. आज बारा केले. वीस ऑक्टोबर, सकाळी अकरा. येताना तुझी कुंडी आण. वरचा वेल छाटून टाक, कंद मातीसकट आण आणि परत न्यायचा विचारही करू नकोस. माझा वेल तिकडे येणार नाही. मी एवढी वर्षं इथून हलले नाही, तोही हलणार नाही. कुंडी आणली नाहीस तर बारावा डबा नागामिने आजोबांना जाईल. त्यांना दोन चालतात.

आणि अकरा म्हणजे अकरा. मी कोणाचे केस विंचरून वाट बघत बसणार नाही.

तुझी ताई, अजून तरी,
तोयोको