बाबांचं पेज

४ जून
घशाच्या ऑपरेशनला महिना झाला. बाबांचा आवाज परत येणार नाही, डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. जन्मभर वर्गात मराठी शिकवलं, आता पाटीवर लिहून दाखवतात. आज लिहिलं : "परत पहिलीत बसवलंय." मी हसले. त्यांच्याकडे दिवसभर असणाऱ्या शोभाताई हसल्या नाहीत.
ते कोथरूडला, मी आणि निखिल वाघोलीला. मोबाइलवर बोटं थरथरतात, जुन्या कॉम्प्युटरवर जमतं. निखिल म्हणाला, "तुझ्या बाबांसाठी काहीतरी बनव ना. रोज ऑफिसात तेच तर करतेस."

८ जून, रविवार
बनवलं. एक साधं पेज. त्यांचा ब्राउझर, मधे सर्व्हर, इकडे माझा ब्राउझर. कनेक्शन सतत उघडं. त्यांनी अक्षर दाबलं की क्षणात माझ्यासमोर. बोलल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम तसं. कोथरूडला जाऊन समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली. तरी प्रत्येक वाक्यानंतर एंटर दाबतातच. पहिलं वाक्य : "माझ्या ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नकोस, तुझं बघ."

१२ जून
मीटिंग चालू, बाजूला बाबांचं पेज उघडं.
मी : जेवलात?
बाबा : गिळलं.
मी : कसं होतं?
बाबा : शोभाताईंचं मिठाशी भांडण असावं.
मीटिंगमध्ये फस्सकन हसले. सगळे बघायला लागले. बघू देत. किती दिवसांनी बाबा बाबांसारखे...

१७ जून
दुपारी अक्षरं यायला लागली. "मेधा, मला तुझ्याकडे घेऊन जा. इथे मी"
थांबली. मग मागून एकेक पुसली गेली. सगळं कोरं.
मग : "पंखा कुरकुरतोय. माणूस पाठव." एंटर.
म्हणजे त्यांना वाटतंय, एंटर दाबल्याशिवाय मला काही दिसतच नाही.
"पाठवते" म्हणून लिहिलं. पाठवलाही.

२३ जून
काल नुसतं "मेधा" लिहून पुसलं. आज "एकट्याने दिवस".
आमच्याकडे हॉल सोडून दोनच खोल्या. एकीत निखिलचं काम, दिवसभर कॉल. बाबांची गळ्यातली नळी, कफ, खोकला. माझं ऑफिस. नि.शी बोलायला हवं. या रविवारी नक्की

३० जून
आज कोड बदलला. आता एंटर दाबेपर्यंत त्यांच्याकडून काहीच येणार नाही. नि.ने विचारलं, "का? मस्त चाललं होतं की." म्हटलं, सर्व्हरवर लोड येतो. दोन माणसांचा लोड!
बाबांना फरक कळला नाही. कळणार कसा?

९ जुलै
सकाळी त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे पेज उघडून बसलेले. दहा वाजून गेले, काही येईना. "काय चाललंय?" लिहिलं. उत्तर नाही. मग मी कामात.
सव्वाअकराला शोभाताईंचा फोन. "ताई, सर खुर्चीतून पडलेत. लवकर या."
अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. हातही.

१० जुलै
हॉस्पिटलच्या बाकावर शोभाताई रडत होत्या. "सकाळपासून टाइप करत होते. पुसायचे, परत लिहायचे. पानभर तरी असेल. ॲम्ब्युलन्स आली त्या गडबडीत मी मेन स्विचच बंद केला हो, कॉम्प्युटरवरचं सगळं गेलं."
सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. ९.५० ला जोडले गेले, ११.३५ ला तुटलं. मधे एकही ओळ नाही.
जुना कोड असता तर अक्षर न् अक्षर...

१३ जुलै, रविवार
कँटीनमध्ये नि.ला सगळं सांगितलं. १७ जूनचं वाक्य, मग कोड का बदलला ते.
"मला विचारलं का नाहीस?"
"तुझी खोली, तुझे कॉल..."
"मी नाही म्हणालो असतो, असं वाटलं तुला?"
नव्हतं वाटलं. तो हो म्हणेल, हीच भीती होती. हे त्याला सांगू शकले नाही. चहा तसाच टाकून तो वर बाबांपाशी जाऊन बसला.

१८ जुलै
उद्या डिस्चार्ज. नि.ने स्वतःचं टेबल हॉलमध्ये आणून खोली रिकामी केली. माझ्याशी कामापुरतं बोलतो.
बाबांना किती समजतं, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यांचा डावा हात धरून विचारलं, "बाबा, आमच्याकडे चला. याल ना?"
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.
परत विचारलं. हलले नाहीत.
नर्स म्हणाली, "दमलेत ते."
असतीलही.